खाटेवरचा माणूस ऐकतो आहे

महिनाभरात मृग निघेल. लातूर-नांदेडच्या शिवारात पेरण्या सुरू होतील. बिळांत पाणी शिरलं की मण्यार घराच्या आडोशाला येईल. म्हणून मज्जासंस्थेची ओळख मी आज तिच्यापासूनच सुरू करतो.

मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, सुजत नाही, कधी खूणही सापडत नाही. पहाटे पोट दुखतं. मग पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, थुंकी गिळवत नाही. घरचे म्हणतात, झोप झाली नसेल.

आत काय घडतं? मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी आहेत. तिथून निघालेला हुकूम मज्जारज्जूतून, पुढे चेतातंतूंवरून विद्युत लहरीच्या रूपात स्नायूंकडे धावतो. स्नायूपाशी तंतू संपतो आणि मध्ये फट उरते, केसाच्या हजाराव्या भागाहूनही अरुंद. लहर ती ओलांडत नाही. तंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाचे इवले फुगे असतात. लहर आली की ते रिते होतात, रसायन पलीकडच्या ग्राहींना चिकटतं आणि स्नायू आकसतो. लगेच एक विकर ते रसायन तोडून टाकतं, पुढच्या हुकमासाठी जागा मोकळी होते.

विष या फटीपाशीच बसतं. नागाचं विष पलीकडचे ग्राही अडवतं. मण्यारीचं विष अलीकडचं टोकच निकामी करतं. जणू डीपीवर वीज आहे, मोटार धड आहे, जळाला तो स्टार्टर. आधी डोळ्यांचे, घशाचे स्नायू ढिले पडतात आणि शेवटी श्वासपटल थांबतं.

हृदयाची लय मात्र हृदयातच तयार होते, ते चालत राहतं. मेंदूवरही या विषाचा थेट मारा नसतो. श्वास मिळत असेल, तर पापणीसुद्धा न उचलणाऱ्या रुग्णाला भोवतालचं बोलणं ऐकू येत असतं. बॅटरीच्या उजेडात बाहुली हलली नाही, तरी तो मेलेला नसू शकतो. त्याच्या उशाशी ‘संपलं’ म्हणू नका.

प्रतिविष रक्तातलं मोकळं विष अडवतं. टोकाशी बसलेलं काढत नाही. ती टोकं शरीर पुन्हा घडवतं, त्याला दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर व्हेंटिलेटरने श्वास चालू ठेवला, तर माणूस बरा होऊन पायी घरी जाऊ शकतो. नांदेडला विष्णुपुरीत आणि लातूरलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

तेव्हा शंका आली तरी पुरे. करकचून बांधू नका, चिरा देऊ नका. कडुलिंबाचा पाला कडू लागतो का, हे बघत बसू नका, मारुतीच्या पारावर रात्र घालवू नका. चावलेला हात-पाय हलू देऊ नका आणि 108 ला फोन करा.