नाचोज, बिबडे आणि आईने मागितलेला कांदा

आजचा विषय खाण्याचा आहे. पण त्यात माझी एक कबुलीपण आहे, म्हणून मधेच स्किप करू नका.

मी यावलचा. म्हणजे जळगाव जिल्हा, सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागांमधलं गाव. बी.टेक. केलं आणि आता पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. मागच्या हिवाळ्यात आई-पप्पा भुसावळहून गाडी पकडून माझ्याकडे आले होते. मी राहतो तिथे कोपऱ्यावर एक छोटं मेक्सिकन हॉटेल आहे. दहा-बारा टेबलं, भिंतीवर निवडुंगाचं चित्र. टीमसोबत मी तिथे बऱ्याचदा जातो. म्हटलं, आई-पप्पांना नेऊ. खरं सांगू का? त्यांना खाऊ घालण्यापेक्षा मला दाखवायचं जास्त होतं, की बघा, तुमचा मुलगा आता कुठे जेवतो.

मेनू आला. पप्पांनी चष्मा लावला, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला आणि माझ्याकडे सरकवला. मी ऐटीत ऑर्डर दिली. नाचोज, व्हेज टाको, राजमा घातलेला बरिटो.

नाचोज आले. आईने वेटरला हाक मारली, तीपण आपल्या घरात मारतो तेवढ्या आवाजात. "भाऊ, याच्यासंगे कच्चा कांदा भेटीन का? अन् एखांदी हिरवी मिरची?"

शेजारच्या टेबलावर माझ्याच वयाची चार मुलं बसली होती. त्यांनी वळून पाहिलं की नाही, मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण माझे कान तापले. मी दबक्या आवाजात म्हणालो, "आई, हळू बोल ना. इथे असं मागत नाहीत."

आई गप्प झाली. रागावली नाही. फक्त हात मांडीवर घेऊन बसली.

वेटरने तोवर कांदा चिरून आणला होता. सोबत लिंबाची फोड आणि दोन मिरच्या. "काकू, अजून लागल्या तर सांगा," म्हणाला. त्याला काहीच विचित्र वाटलं नाही. विचित्र फक्त मला वाटलं होतं.

हे 'भेटीन' प्रकरण जुनं आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी होस्टेलवर 'मी जेवाले जाऊ राह्यलो' म्हणालो आणि रूमवर महिनाभर तेच चाललं. त्यानंतर मी माझी बोली बॅगेत घडी घालून ठेवली. घरी फोन आला की बाल्कनीत जाऊन बोलायचो. तुमच्यापैकी कितीजण असं करतात, मनातल्या मनात हात वर करा.

असो. टेबलावर परत येऊ. पप्पांनी वातावरण ओळखलं आणि हिशोब काढला. पप्पांचं तसंच असतं, अवघड वेळ आली की हिशोब. "मक्याचा हमीभाव चोवीसशे रुपये क्विंटल. म्हणजे किलोला चोवीस. या ताटलीत मका असंन शंभर ग्रॅम. दोन रुपये चाळीस पैसे. अन् लिहिले किती? तीनशे चाळीस!" २०२५-२६च्या खरिपाचा हमीभाव खरंच २४०० रुपये होता, आणि बाजारात तेवढा मिळेलच असंही नव्हतं. मी म्हणालो, पप्पा, यात चीज आहे, जागेचं भाडं आहे, पगार आहेत. पप्पा म्हणाले, "मी कुठी नाही म्हनतो? मी फक्त मका मोजला."

मग आईने एक नाचो उचलला, मोडला, वास घेतला, खाल्ला. आणि बऱ्याच वेळाने पहिल्यांदा बोलली. "हे तं आपले बिबडेच आहेत. मक्याचे केले, एवढंच."

ज्यांना बिबडे माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. उन्हाळ्यात खान्देशात गच्चीवर वाळत घालतात ते ज्वारीचे पापड. ज्वारी दोन-तीन दिवस भिजवायची, भरडायची, तिचा घाटा शिजवायचा, त्यात लसूण, जिरं, तीळ, तिखट, आणि मग गल्लीतल्या सगळ्या बायांनी मिळून कापडावर थापायचे. वर्षभर भाजून नाहीतर तळून खायचे.

रात्री ते दोघं झोपले आणि मी मोबाइलवर वाचत बसलो. मेक्सिकोत मका नुसता दळत नाहीत. तीन हजार वर्षांहून जुनी रीत आहे. मका चुन्याच्या पाण्यात उकळायचा, रात्रभर ठेवायचा, धुवायचा, साल सुटते, मग दगडावर वाटायचा. त्यांचा 'मेटाटे' म्हणजे आपल्या पाट्याचाच भाऊबंद. चुन्यामुळे पिठाला चिकटपणा येतो, म्हणून टॉर्टिया वळली तरी तुटत नाही. आणि मुख्य म्हणजे मक्यात अडकलेलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व मोकळं होतं.

आता गंमत बघा. म्हणजे गंमत नाहीच ती. कोलंबसानंतर युरोपवाल्यांनी मका नेला, पण ही चुन्याची रीत नेली नाही. जिथे गरीब माणसं जवळपास नुसत्या मक्यावर जगायला लागली, तिथे पेलाग्रा नावाचा रोग पसरला. कातडी खरखरीत होते, जुलाब लागतात, डोकं भ्रमतं, शेवटी माणूस जातो. इटलीत झालं, पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात हजारो माणसं गेली. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवून दिलं की हा संसर्ग नाही, आहारातली उणीव आहे. ती उणीव नायसिनची, हे १९३७मध्ये कळलं. ज्या मेक्सिकोतून मका गेला, तिथे चुन्याच्या रीतीमुळे हा रोग एवढा कधी माजला नाही.

दाणा नेला, पण दाणा हाताळणाऱ्या बायकांची अक्कल मागेच राहिली. वाचता वाचता मला मांडीवर हात घेऊन बसलेली आई दिसली. मीपण यावलहून तेच केलं होतं. डिग्री घेतली, पप्पांच्या शेतावर शिकलो, आणि ती बोली, ते कांदा मागणं, बिबड्यांचं ज्ञान, हे सगळं मागासलेलं म्हणून मागे ठेवून आलो.

सकाळी चहा करता करता आईला चुन्याचं सांगितलं. ती लगेच म्हणाली, "म्हनून आपली मक्याची भाकर तडकते!" पप्पांना दुसरी गोष्ट सांगितली. टोमॅटो आणि मिरची मेक्सिकोकडून आपल्याकडे आली. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजातून. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी. म्हणजे आपला ठेचा आणि त्यांचा साल्सा एकाच गावचे. आणि केळी उलट्या दिशेने गेली. मूळची आग्नेय आशियाकडची. १५१६मध्ये तोमास दे बेरलांगा नावाच्या एका पाद्र्याने ती अमेरिकेकडच्या बेटांवर नेली. पप्पा खूश. "म्हनजे हिशोब फिटला," म्हणाले.

त्या दिवशी मी आईला सॉरी म्हणालो नाही. आमच्या घरात तो शब्द कोणी वापरत नाही. संध्याकाळी म्हणालो, चला, परत तिथेच जाऊ. तोच वेटर आला. आई मेनूकडे बघत गप्प होती. मी आवाज मोठा केला आणि म्हणालो, "भाऊ, कांदा-मिरची भेटीन का?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मग वेटरला म्हणाली, "अन् लिंबू बी आन रे बाप्पा."

तर मंडळी, यावेळी तुमच्यासाठी एक काम. या आठवड्यात घरी फोन कराल तेव्हा बाल्कनीत जाऊ नका. सगळ्यांसमोर, आपल्या बोलीत बोला. आणि काय झालं ते मला व्हॉइस नोटवर सांगा, त्याच बोलीत. पुढच्या भागात भेटूच. म्हणजे, भेटीनच!