आधी कान, मग यंत्र



संगणकावर गाणं करायचं तर किती पैसे लागतात, हा प्रश्न वऱ्हाडातली तरुण मुलं मला सतत विचारतात. विचारणारा कुणी कॉलेजात असतो, कुणी वडिलांसोबत कृषी केंद्राच्या गल्ल्यावर बसतो, कुणी लग्नसराईत ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो. त्याच्या मागे आईवडिलांचा प्रश्न उभा असतो: एवढे पैसे घालून पोरगं करणार काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. ज्या घरात सोयाबीनचा भाव पाहून खर्च ठरतो, तिथं चुकीची खरेदी म्हणजे वर्षभराची खंत. म्हणून आज मी खरेदीचा क्रम सांगणार आहे. दुकानात आधी चकाकणारी वस्तू दाखवतात, इंटरनेटवर आधी महागडं सॉफ्टवेअर दाखवतात. माझा क्रम याच्या उलटा आहे. पैसा सगळ्यात आधी ऐकण्यावर घाला, मग आवाज आत घेण्यावर. सॉफ्टवेअरवर पहिल्या वर्षी एक रुपयाही घालू नका.

इलेक्ट्रॉनिक संगीत ही मुंबई-पुण्याची चैन आहे, असं इथं कुणाला वाटत असेल तर आजूबाजूला पाहा. आपल्या गायनाच्या क्लासमध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा लागलेला असतो. भजनी मंडळात ऑक्टोपॅड आला त्याला कितीतरी वर्षं झाली. रोलँड कंपनीनं पहिला ऑक्टोपॅड १९८५ साली आणला. त्याच्या पोटात स्वतःचा एकही आवाज नव्हता. काठी कोणत्या पॅडवर आणि किती जोरात पडली एवढाच निरोप तो दुसऱ्या यंत्राला पोचवत असे. हा निरोप पोचवण्याची पद्धत, जिला मिडी म्हणतात, १९८३ साली ठरली आणि आजही तीच चालते. म्हणून ऑर्केस्ट्रावाल्या मित्राकडे जुना एसपीडी-ट्वेंटी हा ऑक्टोपॅड पडून असेल, तर मिडीची यूएसबी केबल लावून तो तुमच्या लॅपटॉपला जोडता येतो. कॅसिओ किंवा यामाहाचा जुना कीबोर्ड असेल तर त्याच्या पाठीमागे मिडीचं किंवा यूएसबीचं तोंड आहे का ते आधी बघा. ते असेल तर नवा कीबोर्ड घ्यायची गरजच नाही.

हाती आलेल्या यंत्रातून काय निघू शकतं, हे कळावं म्हणून आता मुंबईच्या चरणजित सिंग यांच्याबद्दल. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे हे वादक. १९८२ साली त्यांनी रोलँडची तीन यंत्रं एकत्र जोडली: ज्युपिटर-एट हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जाचं यंत्र. त्यावर त्यांनी ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि एचएमव्हीनं त्याची तबकडी काढली. तेव्हा ती फारशी कुणी ऐकली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली आणि जगभरचे जाणकार चकित झाले. कारण ‘ॲसिड हाउस’ म्हणून जो बाज शिकागोत जन्मला असं सगळे मानत होते, त्याच्याशी विलक्षण जुळणारा नाद मुंबईत पाच वर्षं आधीच उमटला होता.

शिकागोची बाजूही ऐका. टीबी-३०३ हे यंत्र एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवादकाला खर्जाची साथ मिळावी म्हणून बनवलेलं. ते चाललं नाही, आणि १९८४ साली कंपनीनं ते बंद केलं. जुन्या मालाच्या दुकानांत ते स्वस्तात मिळू लागलं. शिकागोतल्या पोरांनी ते उचललं, त्याच्या खुंट्या कंपनीनं कल्पिलं नव्हतं तशा फिरवल्या, आणि १९८७ साली फ्यूचर या गटाचं ‘ॲसिड ट्रॅक्स’ बाहेर आलं. चरणजित सिंगांचा ज्युपिटर-एट महागडा होता, हे मी लपवत नाही. पण ज्या नादानं इतिहास घडला तो बाजारानं टाकून दिलेल्या यंत्राचा होता. मुंबईत काय आणि शिकागोत काय, माणसांनी हाती आलेलं यंत्र पुरतं ओळखून घेतलं. कमी पैशात काम करणाऱ्यानं एवढंच लक्षात ठेवावं: यंत्रं थोडी, ओळख पक्की.

आता खरेदीकडे येऊ. घरात चालता संगणक आहे असं धरतो. हातात जी रक्कम असेल तिचे तीन भाग करा.

पहिला भाग हेडफोनचा. बंद कपाचे, कान पूर्ण झाकणारे, स्टुडिओच्या कामासाठी केलेले हेडफोन घ्या. ब्लूटूथचे नकोत, कारण त्यात आवाज उशिरा पोचतो. ‘एक्स्ट्रा बास’ लिहिलेलेही नकोत. ते खर्ज फुगवून दाखवतात, मग तुम्ही गाण्यातला खर्ज कमी करता, आणि मंडळाच्या स्पीकरवर गाणं पोकळ वाजतं. तालयंत्राच्या मोठ्या ठोक्याचा मूळ नाद साधारण ५० हर्ट्झच्या आसपास असतो. मोबाइलच्या स्पीकरला तो उमटवताच येत नाही. म्हणजे फोनवर ऐकून खर्ज ठरवणारा माणूस अंदाजानंच चालतो. स्टुडिओचे स्पीकर मात्र आत्ता घेऊ नका. दहा बाय दहाच्या खोलीत भिंतींवरून परतणारा खर्ज तुम्हाला फसवेल. गाणं झालं की ते हेडफोनवर, फोनवर, ओळखीच्या ऑटोतल्या स्पीकरवर आणि शेजारच्या टीव्हीवर वाजवून बघा. चारही ठिकाणी शब्द कळले आणि ठेका टिकला, तर काम नीट झालं.

दुसरा भाग आवाज आत घेण्याचा. यात दोन वस्तू येतात, एक साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस आणि एक माईक. इंटरफेस एका माईकचा असला तरी भागतं. त्याची गरज का, हे आकड्यांनी सांगतो. संगणक आवाज तुकड्यातुकड्यांनी हाताळतो. सेकंदाला ४४,१०० नमुने या दरानं १,०२४ नमुन्यांचा तुकडा धरला, तर तेवढ्यानंच सुमारे २३ मिलिसेकंद उशीर होतो. हवेत तेवढ्या वेळात आवाज जवळपास आठ मीटर जातो. म्हणजे तुम्ही पॅडवर काठी मारता आणि ठोका अंगणापलीकडून ऐकू येतो. अशा वेळी लय धरून वाजवणं अवघड. तुकडा २५६ नमुन्यांचा केला की हा उशीर सहा मिलिसेकंदांच्या आत येतो. लॅपटॉपच्या स्वतःच्या साउंडकार्डावर इतका लहान तुकडा अनेकदा कडकड करतो, इंटरफेसवर तो सहसा निभावतो.

माईक घेताना वऱ्हाडातलं घर डोळ्यांसमोर ठेवा. एप्रिल-मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो आणि घरोघरी कूलर घरघरत असतो. कंडेन्सर माईक नाजूक कानाचा. तो गळ्यासोबत कूलर, मिक्सर आणि गल्लीतला भाजीवालाही टिपतो, शिवाय त्याला ४८ व्होल्टची वीज द्यावी लागते. आपल्या घरात डायनॅमिक माईक बरा, तो आजूबाजूचं कमी टिपतो. शुअर कंपनीचा एसएम-५८ हा १९६६ सालापासून चालत आलेला माईक कीर्तनापासून ऑर्केस्ट्रापर्यंत सगळीकडे दिसतो तो याच गुणामुळे. त्याच्या नकला बाजारात पुष्कळ आहेत, तेव्हा खात्रीच्या दुकानातून बिलासह घ्या. लगेच घेणं जमत नसेल तर ओळखीच्या साउंडवाल्याकडून एक दिवस मागून आणा. गाणाऱ्यानं माईकच्या जवळ उभं राहावं आणि तेवढा वेळ कूलर बंद ठेवावा.

खोलीसाठी पैसे लागतच नाहीत. आपण कापसाच्या मुलखात राहतो. घरातली कापसाची जाड गादी गाणाऱ्याच्या पाठीमागे उभी केली, बाजूला दोन रजया टांगल्या, की मधल्या आणि वरच्या पट्टीचा घुमारा बराच शोषला जातो. बाजारात फोमचे पातळ तुकडे मिळतात, त्यांच्यापेक्षा भरीव गादी केव्हाही सरस. खर्ज मात्र गादीनं अडत नाही, म्हणून खोलीच्या अगदी कोपऱ्यात उभं राहू नये.

विजेचाही विचार करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. अर्थिंग नीट नसेल तर तोच नाद रेकॉर्डिंगमध्ये ‘हंऽऽ’ असा घुमतो. तपासणी सोपी आहे. चार्जर काढा आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवून ऐका. घुमणं थांबलं तर दोष चार्जरच्या वाटेनं येतो आहे. अशा वेळी नवा माईक घेण्याआधी वायरमनला बोलावून घरचं अर्थिंग बघून घ्या.

तिसरा भाग तसाच ठेवा. पहिलं गाणं पुरं होईपर्यंत त्याला हात लावू नका. गाणं पुरं झाल्यावर नेमकं काय अडलं होतं ते तुमचं तुम्हाला कळेल: कुणाला लहान मिडी कीबोर्ड लागेल, कुणाला रॅम वाढवावी लागेल, कुणाला जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकावी लागेल. उन्हाळ्यात लॅपटॉप तापला की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो आणि गाणं अडखळतं. पंख्यात साचलेली धूळ साफ करा, लॅपटॉप खालून हवा लागेल असा उचलून ठेवा, पहाटे कामाला बसा. जे ट्रॅक झाले ते ऑडिओत उतरवून ठेवा, म्हणजे संगणकावरचा भार हलका होतो.

आता सॉफ्टवेअर. ज्याच्याकडे फक्त फोन आहे त्यानं बँडलॅबपासून सुरुवात करावी. आयफोन असेल तर गॅरेजबँड मोफत आहे. अमेरिकेतल्या स्टीव्ह लेसी या तरुणानं फोनवरच्या गॅरेजबँडवर केलेलं काम २०१७ साली केंड्रिक लमारच्या अल्बमपर्यंत पोचलं. संगणक असेल तर एलएमएमएस हे मुक्त सॉफ्टवेअर ठेके आणि सुरावटी रचायला उत्तम आहे. त्याच्या प्रचलित आवृत्तीत थेट रेकॉर्डिंग होत नाही, म्हणून गळा ऑडॅसिटीमध्ये रेकॉर्ड करून तिथं आणावा. रीपर साठ दिवस पूर्ण चालतं, पुढे व्यक्तिगत वापराचा परवाना साठ डॉलरचा आहे आणि जुन्या संगणकावरही ते हलकं चालतं. एफएल स्टुडिओ आपल्याकडच्या डीजे मुलांचं आवडतं. त्याच्या चाचणी आवृत्तीत गाणं बाहेर काढता येतं, पण साठवलेलं काम विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडता येत नाही, हे आधी समजून घ्या. एकदा घेतलं की पुढच्या आवृत्त्या कायमच्या मोफत मिळतात. वाद्यांच्या नादासाठी सर्ज एक्सटी, व्हायटलची मोफत आवृत्ती आणि जुन्या यामाहा डीएक्स-सेव्हनचा नाद देणारं डेक्स्ड एवढी पुरेत.

पेन ड्राइव्हवर फिरणारी क्रॅक केलेली सॉफ्टवेअर मात्र घेऊ नका. त्यातून व्हायरस येतो आणि महिन्याचं काम एका रात्रीत जातं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, ज्याला आपल्या गाण्याचे पैसे मिळावेत असं वाटतं त्यानं दुसऱ्याच्या श्रमाची चोरी करू नये. मोफत आणि कायदेशीर इतकं उपलब्ध असताना तर मुळीच नाही.

साधनं आता जगभर सारखी झाली आहेत. अकोल्याच्या मुलाकडे आणि बर्लिनच्या मुलाकडे तेच सॉफ्टवेअर असतं. मग आपलं गाणं वेगळं कशानं होणार? कानाजवळ जे आहे त्यानं. १९०९ साली यावलीला जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या बळावर हजारोंच्या सभा जाग्या ठेवल्या. ती खंजिरी तुमच्या ठेक्यात का नसावी? श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराकडे निघणाऱ्या कावडींचे ढोल, मेळघाटातल्या कोरकूंच्या गादली-सुसूनची लय, जिनिंगमधल्या यंत्रांचा धडधडाट, हे सगळं तुमच्या फोनवर टिपता येतं. ढोलांच्या अगदी पुढ्यात जाऊ नका, आवाज फाटतो. थोडं दूर उभं राहून डब्ल्यूएव्ही स्वरूपात टिपा. आणि ज्याचं वाजवणं टिपता त्याला विचारा, त्याचं नाव गाण्याखाली लिहा, पैसे आले तर त्याचा वाटा द्या. मेळघाटातल्या वादकाचा नाद फुकट उचलून शहरात मिरवणं शोभत नाही.

रागदारीवर काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. कीबोर्डवरचा शुद्ध गंधार तंबोऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटनं चढा असतो, एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. सर्ज एक्सटीमध्ये स्वरांच्या जागा आपल्याला हव्या तशा बसवता येतात. चाळीस वर्षांपूर्वी लाखोंच्या यंत्रांनाही जे सहज जमत नव्हतं, ते आज मोफत जमतं.

शेवटी एक मागणी करतो, आणि ती मुलांकडे नाही, आपल्याकडे आहे. गावागावांत वाचनालयं उभारणारे आपण लोक आहोत. एकट्यानं विकत घेणं परवडत नाही ते सगळ्यांनी मिळून घ्यायचं, हा विचार त्यामागे होता. त्याच विचारानं प्रत्येक मोठ्या वाचनालयानं एक इंटरफेस, एक माईक आणि दोन चांगले हेडफोन घ्यावेत आणि पुस्तकासारखे आठवड्याच्या मुदतीनं नोंद करून द्यावेत. एका वार्षिक समारंभाच्या हारतुऱ्यांतून आणि मंडपातून वाचवता येईल एवढाच हा खर्च आहे. आणि मुलांनो, तुम्ही गणपतीपर्यंत एक गाणं पुरं करा. दहा अर्धवट गाण्यांपेक्षा पुरं झालेलं एक गाणं जास्त शिकवतं. ते घेऊन वाचनालयाच्या कार्यकारिणीपुढे जा, वाजवून दाखवा आणि साधनं मागा. मागणीसोबत काम दिसलं तर नाही म्हणणं कोणत्याही समितीला जड जाईल.