मानवी कंठ आणि नादोपासना



श्रीगुरुचरणांस वंदन करून आजच्या मंगल प्रसंगी ज्या विषयाचे चिंतन करावयाचे आहे, तो विषय येथे बसलेला प्रत्येक भक्त आपल्या देहात घेऊनच आलेला आहे. तो विषय म्हणजे मानवी कंठ. देवापुढे घंटा वाजते, शंख फुंकला जातो, झांजा, पखवाज व पेटी भजनाला साथ करतात. ही सर्व साधने बाहेरून आणावी लागतात; जीर्ण झाली की बदलता येतात. कंठ मात्र विकत मिळत नाही आणि दुसऱ्याचा उसना घेता येत नाही. वीणेतून स्वर निघतो, पण शब्द निघत नाही. मृदंगाचे बोल हे संकेताने मानलेले बोल होत. भगवंताचे नाम आणि स्वर ही दोन्ही एकाच श्वासातून, एकाच क्षणी प्रकट करण्याचे सामर्थ्य मानवी कंठालाच लाभले आहे.

म्हणूनच शास्त्रकारांनी गीताला अग्रस्थान दिले. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. गीत, वाद्य व नृत्य या तिहींना मिळून तो संगीत म्हणतो. परंतु नृत्य वाद्याच्या मागून चालते आणि वाद्य गीताच्या मागून, असा क्रमही तो लावून देतो. नादाच्या उत्पत्तीचे त्याने केलेले वर्णन मननीय आहे. आत्म्याला व्यक्त होण्याची इच्छा झाली की तो मनाला प्रेरणा देतो. मन देहातील अग्नीला चेतविते. अग्नी वायूला चालना देतो. आणि तो वायू नाभी, हृदय, कंठ, मूर्धा व मुख या स्थानांतून वर चढत नाद प्रकट करतो. हृदयात मंद्र, कंठात मध्य व मस्तकात तार, अशी त्याची तीन स्थाने सांगितली आहेत.

आधुनिक शरीरशास्त्राची भाषा निराळी आहे. फुप्फुसांतून वर येणाऱ्या वायूने स्वरयंत्रातील दोन नाजूक पट्ट्या कंप पावतात. त्यांची लांबी एक इंचाहूनही कमी असते. साधारण बोलण्यात त्या पुरुषाच्या कंठात सेकंदाला 100 ते 125 वेळा, तर स्त्रीच्या कंठात 200 वेळांच्या आसपास आंदोलित होतात. तारस्थानी गाताना ही संख्या कितीतरी वाढते. घसा, मुख व नाक यांच्या पोकळ्या त्या मूळ नादाला घुमारा देतात, आणि म्हणूनच परिचित मनुष्य दृष्टीआड असला तरी आवाजावरून ओळखू येतो. प्राचीन आणि अर्वाचीन ही दोन्ही वर्णने एका ठिकाणी येऊन मिळतात : स्वराचे मूळ श्वासात आहे.

हे सत्य ऋषींनी त्याही पूर्वी पाहिले होते. छांदोग्य उपनिषदात शिलक शालावत्य हा चैकितायन दाल्भ्य यास सामाचा आश्रय विचारतो, तेव्हा उत्तर येते की तो स्वर आहे. आणि स्वराचा आश्रय विचारता उत्तर येते की तो प्राण आहे. बृहदारण्यकात तर स्वर हेच सामाचे धन म्हटले असून, यज्ञात ऋत्विज होऊ इच्छिणाऱ्याने आपल्या वाणीत सुस्वर यावा अशी इच्छा धरावी, असे सांगितले आहे. त्याच उपनिषदात एक मार्मिक कथा आहे. असुरांना जिंकण्यासाठी देवांनी वाणीला उद्गीथ गाण्यास सांगितले. वाणी गायिली; परंतु त्यातील जे उत्तम, ते तिने स्वतःसाठी राखून ठेवले. त्या स्वार्थाच्या छिद्रातून असुर आत शिरले व त्यांनी तिला पापाने विद्ध केले. घ्राण, नेत्र, श्रोत्र व मन यांचीही तीच गती झाली. अखेर मुखातील प्राण गाऊ लागला, आणि दगडावर आपटलेल्या मातीच्या ढेकळाप्रमाणे असुरांचा चुराडा झाला. प्राण जे अन्न ग्रहण करतो, त्यावर सर्व इंद्रिये तृप्त होतात. त्याच्यापाशी एकट्यासाठी राखलेले असे काही नाही. गाणाऱ्याने या कथेचा अर्थ नीट ध्यानात धरावा. आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो कोणाला अर्पण झाला आहे, यावर त्याचे बळ ठरते.

या सिद्धान्ताची साक्ष अगदी अलीकडच्या काळातील एका जीवनाने दिली आहे. पंडित कुमार गंधर्व यांचा जन्म 1924 साली बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला. बालवयातच त्यांच्या गायनाने श्रोते विस्मित होत. पुढे मुंबईस प्राध्यापक देवधर यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. ऐन तारुण्यात त्यांना क्षयाने गाठले, आणि 1948 च्या सुमारास हवापालटासाठी ते माळव्यातील देवास येथे जाऊन राहिले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. डॉक्टरांनी गाण्यास मनाई केली. गायकाला न गाण्याची आज्ञा होणे याहून कठोर दंड कोणता? काही वर्षे ते अंथरुणाला खिळून होते. पत्नी भानुमती यांनी शुश्रूषा केली. त्या काळात माळव्यातील स्त्रियांची लोकगीते आणि नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने त्यांच्या कानी पडत राहिली.

1953 च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा पूर्वीचा दमसास उरला नव्हता. त्यांनी त्याची बतावणी केली नाही. जेवढा श्वास होता, तेवढ्यात मावणाऱ्या लहान, तेजस्वी स्वरवाक्यांनी त्यांनी आपले गाणे उभारले. दोन वाक्यांमधील शांततेलाही त्यात स्थान मिळाले. लोकधुनांतून त्यांनी नवे राग सिद्ध केले, 1965 मध्ये त्यांचा ‘अनूपरागविलास’ हा बंदिशींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि कबीरांची निर्गुणी भजने त्यांच्या कंठातून देशभर पोहोचली. 1992 साली देवास येथेच त्यांनी देह ठेवला. श्वास निम्मा झाला, पण स्वराचे सामर्थ्य निम्मे झाले नाही. प्राणाचे मोल कळल्यामुळे ते उलट वाढले, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

आता या सर्वाचा मठाच्या सभामंडपाशी संबंध काय, ते पाहिले पाहिजे. आज अनेक देवस्थानांत आरतीची वेळ झाली की यंत्र लावले जाते. ध्वनिक्षेपकातून उत्तम गायकाचा आवाज घुमतो, आणि शेकडो भक्त हात जोडून, ओठ मिटून उभे राहतात. यंत्राचा तिरस्कार करण्याचे कारण नाही. गोमंतकातील केरी येथे जन्मलेल्या केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवी 1977 साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अवकाशात पाठविली गेली, आणि त्याच वर्षी त्या निवर्तल्या. त्यांतील एक यान 2012 मध्ये सूर्याच्या प्रभावमंडलाच्या पलीकडे गेले. देह राहिला नाही, पण स्वर चालतोच आहे. यंत्राने हे केले, हा त्याचा उपकारच होय. परंतु यंत्र स्वर जतन करते, वाहून नेते. भक्ताच्या वतीने ते गाऊ शकत नाही. दुसऱ्याने केलेल्या भोजनाने आपली क्षुधा शमत नाही, तद्वत दुसऱ्याच्या श्वासाने आपले नामस्मरण होत नाही.

यावर कित्येकांचे उत्तर ठरलेले असते : ‘आमचा आवाज चांगला नाही.’ त्यांनी शार्ङ्गदेवाची गायकदोषांची यादी अवश्य पाहावी. त्याने पंचवीस दोष सांगितले आहेत. दात आवळून गाणे, डोळे मिटून घेणे, नाकातून गाणे हे त्यांत आहेतच. पण भीतीने गाणे, शंकित होऊन गाणे व अवधान सोडून गाणे हेही त्याने दोषच मानले आहेत. हे मनाचे दोष होत. त्यांवर सहगायनासारखे औषध नाही. एकाचा चुकलेला स्वर दहांच्या स्वरात सावरला जातो. लाजरे मूल आजोबांच्या शेजारी बसून न शिकविता शिकते. आणि वृद्धाचा कापरा आवाजही त्या समुदायात आपली जागा घेतो.

यास्तव वर्धापनाच्या या वर्षी प्रत्येक भक्ताने एवढा एकच नियम घ्यावा की सायंआरतीचे निदान एक कडवे, यंत्र बंद ठेवून, स्वतःच्या कंठाने म्हणावे. पूर्वजांनी हा मठ राखला, तो द्रव्याने जसा, तसा कंठाने राखला. ज्या मंडपात भक्तांचे कंठ मुके झाले, तेथे दिवे पुष्कळ लावता येतील, पण उपासना कोणी चालवावी? श्रीगुरुकृपेने येथील प्रत्येक कंठ मोकळा होवो आणि प्रत्येक श्वास नामाला अर्पण होवो, हीच प्रार्थना.