शुगर नाही, मग बधिरपणा कशाचा?

(नागपुरातील वस्ती-गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)

मैत्रिणींनो, मी डॉक्टर नाही, समाजकार्य शिकलेली बाई आहे. गेल्या वर्षी वस्तीतल्या एकीने मला तळहात दाखवला. तव्याने भाजून मोठा फोड आलेला. "ताई, भाजलं ते कळलंच नाही मले. शुगर तपासली, नाही निघाली. मंग काय होय हे?" दवाखान्यातून तिला अशक्तपणाच्या गोळ्या मिळाल्या होत्या. खरे सांगते, मीही आधी "नीट जेवत जा" एवढेच म्हणाले.

मधुमेह नसतानाही हातापायांच्या नसा बधिर होतात. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हे एक कारण. दूध-अंडी ज्यांच्या ताटापर्यंत पोचतच नाहीत, त्या बायकांबद्दल तुम्हाला वेगळे सांगायला नको. क्षयावरच्या आयसोनियाझिड गोळीनेही मुंग्या येतात, म्हणून तिच्यासोबत ब-६ देतात. रोजची दारू, थायरॉइड, काही कीटकनाशके, हीही कारणे. (भंडाऱ्याकडे लाखोळीच्या डाळीला दोष देतात. ती फार खाल्ली तर पाय ताठरतात, बधिर होत नाहीत. ते दुखणे निराळे.)

पण एक नाव घरात कोणी घेत नाही: कुष्ठरोग. आणि तेही आपल्या विदर्भात! वर्ध्याजवळ दत्तपूरचे काम १९३६ पासूनचे, वरोऱ्याला आनंदवन, सेवाग्रामला गांधीजींनी स्वतः परचुरे शास्त्रींची शुश्रूषा केली. २००५ साली देशपातळीवर 'निर्मूलन' जाहीर झाले. त्याचा अर्थ दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, शून्य नव्हे. फिकट वा लालसर चट्टा, त्यावर स्पर्श न कळणे, कोपराजवळची नस जाड होणे, करंगळी वाकू लागणे, ही लक्षणे. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, गरोदरपणातही चालते. बाळंतपणानंतर नसा अचानक सुजू शकतात, तेव्हा एक दिवसही थांबू नका. बोटे कायमची वाकतात.

त्या बाईचा चट्टा पाठीवर होता. पुरुष डॉक्टरसमोर ती पाठ कशी उघडी करणार? आणि त्यांनीही विचारले नाही.

निदान झाल्यावर नवरा सोडचिठ्ठीची भाषा बोलू लागला. २०१९ पर्यंत कुष्ठरोग हे कायद्यातच घटस्फोटाचे एक कारण होते. त्या वर्षी हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन विवाहांच्या कायद्यांतून आणि विशेष विवाह कायद्यातूनही ते काढून टाकले. आम्ही दोघी-तिघींनी तिच्या घरी जाऊन हे मोठ्याने वाचून दाखवले. नवरा गप्प बसला. सासू म्हणाली, "कागदाचं बरोबर हाये, पन भांडे येगळेच राहतीन."

अजून वेगळीच आहेत. गोळ्यांचा आठवा महिना चालू आहे.