मिरचीचें खत आणि तणाचें पोट
(बोईसर येथील शेतकरी मंडळींपुढें दिलेलें भाषण)



भात कापून झालें आणि सूर्येच्या कालव्याला पाणी आलें, कीं आपल्या पालघर-डहाणूकडे मिरचीची लावण सुरू होते. माल बाजारांत जातो, पैसा येतो. तो घरांत राहतो कीं खताच्या दुकानांत परत जातो, एवढाच आज आमचा सवाल आहे.

युरियाची गोणी ४५ किलोंची. शंभर किलोंत नत्र ४६. म्हणजे गोणींत पुरतें २१ किलोहि नाहीं. बागायती मिरचीस हेक्टरीं १०० ते १५० किलो नत्र सांगतात. वरचाच आंकडा धरूं. गुंठ्यास नत्र दीड किलो, दहा गुंठ्यांस पंधरा. लावणीच्या वेळीं १५:१५:१५ ची ५० किलोंची गोणी घातली असेल, तर साडेसात किलो नत्र तेथेंच आलें. उरलें साडेसात, त्यास युरिया सोळा किलो पुरे, तोहि महिन्याच्या अंतरानें दोन हप्त्यांत. मग दहा गुंठ्यांत एका दमांत अख्खी गोणी उपडी करणारा आमचा भाऊ कोणाचें पोट भरतो? लव्हाळ्याचें! उरलें तें मिरचीच्या पानांत जातें, फूल मागें पडतें, कोवळ्या पाल्यावर फुलकिडे येतात आणि बोकड्या पसरतो. मग औषधाची बाटली त्याच दुकानांतून!

तण मिरचीच्या आधीं जेवतें, म्हणून आधीं खुरपणी, मग खत. लावणीनंतरचा पहिला दीड महिना शेत स्वच्छ राहिलें पाहिजे. पुढें झाडांची सावलीच पुष्कळ काम करते. लव्हाळ्याचे नुसते शेंडे कापून उपयोग नाहीं, तो जमिनींतल्या गांठींतून पुन्हा उठतो. गांठीसकट उपटून बांधाबाहेर वाळवावा. युरिया बुंध्यापासून चार बोटें दूर घालून मातीनें झांकावा, भर द्यावी, हलकें पाणी द्यावें. उघडा पडला तर वायु होऊन उडतो; पाण्याचा लोंढा सोडला तर नत्र मुळांखालीं निघून जातें.

आमच्यांतले कांहीं म्हणतात, खुरपायला माणूस कोठें आहे? तारापूरच्या कारखान्यांनीं हात ओढून नेले, हें खरें. म्हणून कोणी ग्लायफोसेट मारतात; तें तण आणि मिरची असा भेद करीत नाहीं, उडालेला थेंबहि झाड जाळतो. त्यापेक्षां घरचा भाताचा पेंढा ओळींमधून पसरा. तण दबतें, ओल टिकते. आणि घरची बाई दिवसभर उन्हांत खुरपते तिची मजुरी हिशेबांत धरा. ती धरली म्हणजे वेळेवरची एक खुरपणी उशिरांच्या तीन खुरपण्यांपेक्षां किती स्वस्त, तें कागदावर दिसेल.

गोणीवर नत्राचा आंकडा आणि किंमत छापलेली असते. शाळेंत जाणाऱ्या पोरीकडून ती वाचून घ्या, पावती मागा. आणि युरियाबरोबर नको असलेली बाटली गळ्यांत घालूं लागला, तर ती तेथेंच ठेवून या.