कंदीलपुष्पाची वेल कशी ओळखायची?

श्रावण-भाद्रपदात रानभाजी खुडायला आपण डोंगराला जातोच. तिथे झुडपाला वेढे घालत चढलेली एक बारीक वेल आम्ही आज दाखवणार आहोत, रेडिओवरून दाखवता येईल तेवढी.

पुस्तकात तिला कंदीलपुष्प म्हणतात. कुठे खरपुडी म्हणतात, कुठे हमण. पानं समोरासमोर जोडीनं येतात, पण अशा वेली रानात कितीतरी. खरी खूण फुलात. फूल बुडाशी फुगीर, मध्ये अरुंद नळी आणि वर पाच पाकळ्या. त्या पसरत नाहीत, टोकाला एकमेकींना चिकटून राहतात. मध्ये पाच खिडक्या दिसतात. अगदी कंदील!

नळीत आतल्या बाजूला खाली वळलेले केस असतात. बारीक माशी आत घसरते आणि अडकते. पुढे केस सुकतात, फूल कलतं, मग ती सुटते आणि अंगाला चिकटलेले पराग दुसऱ्या फुलाला नेते. नंतर शिंगांसारख्या लांब, बारीक शेंगा धरतात. त्या वाळून फुटल्या की रुईसारख्या म्हाताऱ्या उडतात. कूळ रुईचंच ना!

पावसाळा सरला की वेल वाळते, कंद जमिनीत जिवंत राहतो. हा कंद खातात, म्हणून गुराखी पोरं उकरतात. एका घासात वेल संपते. यातल्या काही जाती जगात फक्त आपल्या सह्याद्रीत आहेत. एकीला तर नाशिकजवळच्या अंजनेरीचं नाव आहे. ती मात्र वेल नाही, लहानसं उभं रोप आहे.

दुसरी भीती जिवाची. त्याच दिवसांत, तशाच झुडपांत कळलावीही वाढते. तिच्या कंदात जबर विष असतं, उकडूनही जात नाही. तिच्या पानाचं टोक दोऱ्यासारखं वळून आधार धरतं. कंदीलपुष्पाचं पान तसं वळत नाही, तिचं खोडच वेढे घेतं. मुलांना ही खूण हातात पान देऊन दाखवा. आणि फूल नसताना कुठलाच कंद उकरू देऊ नका.

वेल सापडली तर फूल बाजूनं, पान देठासकट असे फोटो काढा, शेजारी अंदाजाला रुपयाचं नाणं धरा. जवळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या सरांना किंवा बाईंना दाखवा. जागा मात्र गावभर सांगू नका. कुंडीत लावायच्या हौसेनं कंद उपटून नेणारेही असतात.