पायी फेऱ्यांचा हिशेब

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यात नगररचनाकार आहेत, स्थापत्य अभियंते आहेत, सार्वजनिक आरोग्य शिकलेलेही आहेत. आज सगळे एका मांडवात बसला आहात. उद्यापासून तुमच्या फायली वेगवेगळ्या मजल्यांवर फिरतील आणि सहसा एकमेकींना भेटणार नाहीत. मला बोलायचं आहे ते याबद्दल, आणि उदाहरण घेतो मुंबई महानगर प्रदेशाचं.

या प्रदेशाचा सर्वंकष वाहतूक अभ्यास मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) 2008 च्या सुमारास पुरा केला. निम्म्याहून अधिक फेऱ्या लोक पायीच करतात, असं त्यात निघालं. आकडा कुणी दडवला नाही, अहवालात छापला. मग त्याच सुमारास चालणाऱ्यांच्या वाट्याला काय आलं? स्कायवॉक! पहिला 2008 मध्ये वांद्र्याला, मग ठिकठिकाणी. स्टेशनातून उतरलेल्या माणसाला वरच्यावर नेलं की खालचा रस्ता गाड्यांना मोकळा. गुडघेदुखीने बेजार आजी आणि डोक्यावर पाटी घेतलेली मासेवाली खालूनच चालत राहिली, बहुतेक ठिकाणी फूटपाथ नसलेल्या रस्त्याने.

असं का होतं? कुणाच्या मनात कपट असतं म्हणून नव्हे. प्रकल्पाच्या जमाखर्चात जमेची सगळ्यात मोठी रक्कम असते ‘वाचलेला वेळ’. वाचलेली मिनिटं गुणिले रुपये. आणि मिनिटाचा भाव बहुधा मिळकतीवरून ठरतो. म्हणजे मोटारीतल्या साहेबांची पाच मिनिटं महाग आणि घरकामाला चालत निघालेल्या बाईची पाच मिनिटं स्वस्त. चालण्याने तिचा रक्तदाब आटोक्यात राहिला, किंवा धुराने तिचा दमा बळावला, तर यातलं काहीच हिशेबात येत नाही. आलंच तर पर्यावरणाच्या परिशिष्टात एखादा परिच्छेद.

लोकलचंच पाहा. उपनगरी रेल्वेवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 जण गेले, तेव्हा देश हादरला. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, तेव्हाही चार दिवस चर्चा झाली. बाकीचे मृत्यू रोजचे, एकेकटे. त्यातले कितीतरी ‘रूळ ओलांडताना’ या शीर्षकाखाली जमा होतात, म्हणजे दोष मयताचा. स्टेशनच्या दोन बाजू जोडणारा पूल तिथून किती लांब होता, हे त्या नोंदीत नसतं.

आता जरा थांबून ऐका, कारण पुढचं उदाहरण वाहतुकीचं वाटणारच नाही. 2002 मध्ये जागतिक बँकेच्या कर्जावर मुंबई नागरी परिवहन प्रकल्प उभा राहिला. त्यासाठी रुळांलगतच्या झोपड्या हटल्या आणि हजारो कुटुंबं 225 चौरस फुटांच्या घरांत गेली. गोवंडी-मानखुर्दच्या लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहती प्रकल्पग्रस्तांनी भरल्या. हा भाग मोडतो महापालिकेच्या एम पूर्व विभागात, आणि 2009 च्या मानवी विकास अहवालात तोच शहरात तळाला होता. कागदावर पुनर्वसन चोख : पक्कं घर, तेही फुकट. पण इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर दिवसा दिवे लावावे लागतात. पुढे डॉक्टरांनी आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी या दोन आणि तिथलीच आणखी एक अशा तीन वसाहती ताडून पाहिल्या. तिसऱ्या वसाहतीत इमारतींमध्ये मोकळी जागा होती, तिथे क्षयाचं प्रमाण या दोन दाट वसाहतींपेक्षा कितीतरी कमी निघालं.

रेल्वेचा वाचलेला वेळ प्रकल्पाच्या जमेला लागला. क्षयाची औषधं महापालिकेच्या दवाखान्याच्या खर्चात गेली, आणि बुडालेला रोज त्या घराच्या. तिन्ही आकडे एका तक्त्यात कधी आले नाहीत. आले असते तर दोन इमारतींमधलं अंतर वाढवणं ही चैन वाटली नसती.

मी पुलांच्या विरोधात नाही. अटल सेतू उत्तम आहे, मी त्यावरून जातो. पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. आणि सेतू खुला झाल्यावर सव्वा वर्षाने, मे 2025 मध्ये, बेस्ट बसचं किमान भाडं 5 रुपयांवरून 10 वर गेलं. या दोन गोष्टी एकाच आराखड्यात शेजारी मांडून कुणी पाहिल्या का, एवढंच विचारतो. गावाकडे उलट घडलं. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं आणि बाया तालुक्याच्या दवाखान्यात, बाजारात, माहेरी जाऊ लागल्या. चांगला निर्णय, पण तो आला अर्थसंकल्पातून, वाहतुकीच्या आराखड्यातून नव्हे. म्हणून ज्या वाडीवर एसटीच जात नाही, तिथे अर्धं तिकीट कशाचं काढायचं, हे कुणी पाहिलं नाही.

तुमच्यातले काही जण लवकरच एखाद्या सल्लागार कंपनीत डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, लिहायला बसतील. वाचलेल्या वेळाचा तक्ता समोर आला की तो मिळकतीच्या गटांनुसार आणि स्त्री-पुरुषांनुसार फोडून मागा. पायी फेऱ्यांची ओळ त्यात आहे का पाहा. विस्थापितांच्या घरांचा नकाशा मागवा आणि तळमजल्यावर ऊन किती तास पोचतं ते आर्किटेक्टला विचारा. साहेब म्हणतील, हे आपल्या कामाच्या व्याप्तीत नाही. तेव्हा आज शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या, सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतलेल्या मैत्रिणीला फोन लावा आणि निविदा निघण्याआधी तिला बैठकीला बोलवा.